उलटे तीन टाके

दादा, परवा एका शर्यतीत मी एका माणसाचा पट्टा बाद केला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही, आता कागद काढून बसलेय. माझी रीतच उफराटी. मी काम काय करते ते तुम्हाला धड कधी सांगितलं नाही. तुम्ही आपले दुकानात येईल त्याला सांगायचात, "पोरगी रेसच्या गाड्या पास करती." ते काही फार चुकीचं नव्हतं. गाडी ट्रॅकवर जायच्या आधी मी ड्रायव्हरचं हेल्मेट, अंगातला आगीला दाद न देणारा सूट, हातमोजे आणि त्याला सीटला आवळून धरणारे पट्टे तपासते. प्रत्येकावर लेबल असतं, लेबलावर तारीख असते. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की तारीख असूनही बाद. पट्ट्याचं आयुष्य पाच वर्षं, पुढे तो कितीही नवाकोरा दिसला तरी बाद. लोक हुज्जत घालतात. मॅडम, हा तर कपाटातच होता, हात लावून बघा. बघते ना. ऊन, घाम, धूळ धाग्याला आतून खातात, आणि हात लावून त्यातलं काहीच कळत नाही.

वरून काही कळत नाही, हे मी कॉलेजात नाही, तुमच्याकडे शिकले. लातूरला भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांची. आपलं घर उभं होतं. कपाटामागे एक बारीक चीर, बस. सरकारी इंजिनियर आला, भिंत बघितली, आणि दारावर लाल रंगाची फुली मारून गेला. गल्लीत आणखी बऱ्याच दारांवर फुल्या होत्या, पण महिन्याभरात सगळे आपापल्या घरात परतले. तुम्ही जीपच्या हुडाचं कापड जोडून जोडून मैदानात तंबू शिवला आणि आम्हाला त्यात ठेवलं. आई बेजार झाली होती. "आवो, सगळे गेले घरात. आपणच कामून असं उघड्यावर?" तुम्ही मशीनवरून मानही वर केली नाही. "फुली हाय ना? मग न्हाई." माझी पाटी आत राहिली होती, तिच्यासाठी मी दोन दिवस रडले. तुम्ही नवी आणलीत, पण आत गेला नाहीत. पुढे आपण नांदेडला आलो आणि ट्रक उभे राहतात त्या रस्त्याला तुम्ही सीटा शिवायचं कुशनचं दुकान टाकलंत.

अकरावीला तुम्हीच मला परत लातूरला सोडायला आलात. तोवर सगळ्या मराठवाड्यातली पोरं क्लाससाठी तिथं यायला लागली होती आणि रिकाम्या प्लॉटांवर तीन-तीन मजली होस्टेलं उठत होती. बाकीचे बाप मेसचं जेवण कसं आहे ते विचारत होते. तुम्ही बोटाच्या पेरानं भिंती ठोकत जिना चढलात आणि वॉर्डनबाईंना विचारलंत, "बाई, ह्याला कालम कुठं कुठं हायत?" पोरी हसल्या. मी तुमच्यापासून चार पावलं लांब उभी राहिले, जणू तुम्ही दुसऱ्याच कुणाचे. दोन होस्टेलं नापास करून तिसऱ्यात मला ठेवलंत. मला इतका राग आला होता की बसस्टँडवर तुम्हाला पोचवायलासुद्धा आले नाही.

आता जे सांगायचं त्याच्याभोवती मी मघापासून फिरून राहिले. सांगते.

नांदेडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्ही चौदा जणांनी मिळून शर्यतीची गाडी बनवली. मी कॅप्टन आणि गाडी चालवणारीही मीच. सीट तुम्ही शिवलीत, माझ्या पाठीचं माप घेऊन. आमच्याकडे पट्ट्यांचे दोन संच होते. एक चांगला, पण त्याची तारीख संपलेली. दुसऱ्याची तारीख शिल्लक होती, पण त्यावर बॅटरीचं ॲसिड सांडून कापड जळालेलं. दोन दिवसांनी निघायचं होतं आणि नवा संच वेळेत येणार नव्हता. जळक्या पट्ट्याचं लेबल उसवून चांगल्यावर लावायचं, ही अक्कल माझी होती. दुसऱ्या कुणाची नाही. टीममधल्या कुणालाही न सांगता मी दोन्ही पट्टे घेऊन दुकानात आले.

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. जन्म ट्रकच्या नंबरप्लेटी वाचण्यात गेलेला. दोन्ही लेबलं शेजारी ठेवून तुम्ही म्हणालात, "आकडे येगळे हायत."

"हो."

"पट्टा चांगला हाय का?"

"चांगला आहे, दादा."

"मग लेबल कामून बदलायचं?"

आजही लोक माझ्याशी हुज्जत घालतात तेव्हा मला वाटतं, यांना तुमच्यासमोर नेऊन उभं करावं. मी म्हणाले, नियम आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, नियम हाय तर नवा आण. मग माझा आवाज चढला. तुम्हाला नाही कळायचं, वर्ष जाईल माझं, उगं पोलिसासारखं विचारत बसू नका. समोर एक ट्रकवाला सीटसाठी थांबला होता, त्याच्यादेखत बोलले. तुम्ही बराच वेळ तो पट्टा हातातल्या हातात ओढून बघत राहिलात. लाल फुली बघून आठ महिने तंबूत काढणारा माणूस, दादा, तुम्ही. मशीनवर बसलात आणि माझ्यासाठी शिवून दिलंत.

आणि शिवलंत ते तुमच्या पद्धतीनं. तुम्हाला कच्चं काम येतच नव्हतं. जुन्या भोकांतूनच सुई नेलीत, आणि चारही कोपऱ्यांवर उलटे तीन टाके मारलेत, सीटच्या कव्हरला मारायचात तसे, उसवायला नको म्हणून.

स्पर्धा दुसऱ्या राज्यात होती. गाडी नेणाऱ्या ट्रकमधून तुम्हीही आलात, सीट कशी बसते ते बघायला. गळ्यात पास अडकवून तपासणीच्या शेडमध्ये तुम्ही इतके ऐटीत उभे होतात की आमच्या टीमची मुलं तुम्हाला सलाम ठोकत होती. तपासणी करणारा माणूस पन्नाशीचा, शांत. त्यानं पट्टा उलटा केला, लेबलाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. तो हिंदीत म्हणाला, "हे कंपनीचं काम नाही. कंपनी एवढं चांगलं शिवत नाही."

मग विचारलं, हे कुणी केलं? कॅप्टनला माहीत असेल तर अख्खी टीम बाहेर आणि कॅप्टनचं नाव कायमचं काळ्या यादीत, हे त्यानंच सांगितलं. चौदा जणांचं वर्ष माझ्या तोंडाकडे बघत उभं होतं. असं मी नंतर स्वतःला कैक वेळा सांगितलंय, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला मला चौदा जण दिसत नव्हते. मला फक्त माझं नाव दिसत होतं. मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी शिवलंय. मला माहीत नव्हतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात जोडलेत. "हाव साहेब, मीच केलं. पोरीला इचारलं न्हाई. तिला काईच ठाऊक न्हाई."

त्यानं तुमच्या गळ्यातला पास काढून घेतला आणि तुम्हाला गेटबाहेर जायला सांगितलं. पट्टा आमच्यासमोर कात्रीनं कापला. दुसऱ्या कॉलेजनं त्यांचा जादाचा संच दिला आणि मी गाडी चालवली. शेवटपर्यंत चालवली. गेटपलीकडे, जाळीला दोन्ही हात धरून तुम्ही उभे होतात, ते मला प्रत्येक फेरीला दिसत होतं. परतताना ट्रकमध्ये तुम्ही एवढंच विचारलंत, "सीट टोचली का कुठं?" मी नाही म्हणाले. घरी आईला सगळं कळलं, म्हणजे मी जे सांगितलं ते कळलं. ती तुमच्यावर दोन दिवस चिडून होती. आजही पाहुण्यांत ती गोष्ट निघते: "ह्यांनी शहाणपणा करून पोरीचं वर्ष घालवलं असतं." तुम्ही असताना ते हसून ऐकायचात. मी तिथंच बसलेली असायचे.

परवाचा माणूस तसा नावाजलेला ड्रायव्हर. त्याच्या पट्ट्याच्या लेबलावर मी नख फिरवलं आणि कोपऱ्याला जास्तीचा धागा लागला. तो लगेच म्हणाला, "मेकॅनिकनं केलं असेल, मला काही माहीत नाही." मेकॅनिक तुमच्या वयाचा, म्हणजे तुम्ही त्या दिवशी होतात त्या वयाचा. हातातलं फडकं पिळत म्हणाला, "हो मॅडम, माझ्याकडूनच झालं." कबुली मिळाली होती, कागदावर लिहिलं की काम संपलं. मी ड्रायव्हरला विचारलं, "हे लेबल त्यांच्या हातात कुणी दिलं?" एवढाच प्रश्न. त्या दिवशी तो मला कुणी विचारला नाही, दादा. विचारला असता तर मी काय म्हणाले असते याची मला अजून खात्री नाही. हा माणूस मात्र इकडेतिकडे बघायला लागला, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाला, मीच दिलं. मी त्याचं नाव लिहिलं. मेकॅनिकचा पास त्याच्या गळ्यातच राहिला.

आमच्या वरिष्ठांनी नंतर विचारलं, मेकॅनिक स्वतः कबूल करत होता, मग तुम्हाला शंका कशी आली? मी म्हणाले, अनुभवानं. त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

सुट्टी टाकून नांदेडला आले ती हे आईला सांगायचं म्हणून. तोंडानं जमणार नाही, तर लिहून वाचून दाखवू, असं ठरवून सकाळपासून बसलेय. ती आत्ताच चहा घेऊन आली, कागदांकडे बघून म्हणाली, "एवढं कुणाला लिहून राहिलीस?"

ऑफिसचा रिपोर्ट आहे, म्हणाले.