तिसऱ्या तासाची हजेरी

जानेफळ,
ता. ८ नोव्हेंबर १९३८

प्रिय तुळशीराम यास नारायणाचा नमस्कार.

इकडे ठीक. कापूस वेचणीला आला आहे, आईचे गुडघे नेहमीसारखेच. होस्टेलात माझी पेटी तुझ्या खाटेखाली असेलच. हे पत्र टपालानं येत नाही, बाबा आणत आहेत. उद्या खामगावला रेल्वे धरतील आणि परवा अमरावतीत आधी तुझ्याकडे येऊन मग प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे उभे राहतील. मी नको नको म्हणून थकलो. ऐकतच नाहीत.

म्हणतात, "मी सायबालेच इचारतो, एका पोरानं एकाच टायमाले दोन वर्गात बसावं कसं?"

हा प्रश्न त्यांना मीच शिकवला. दिवाळीला घरी आलो, परत जायचं नव्हतं, काहीतरी कारण पाहिजे होतं.

आणि खोटं काय आहे त्यात? बोर्डावर विषयाचं नाव लिहिलं तर यांची काय शाई संपते? नुसते आकडे: इतिहासाला ५, संस्कृताला ७, त्यापुढे तुकडी अ की ब, त्यापुढे खोली. पहिल्या आठवड्यात मी सात म्हणजे खोली समजलो आणि सायन्सवाल्या पोरांत जाऊन बसलो. ते कोडं सुटलं तर इतिहास ५ तिसऱ्या तासाला माडीवर, आणि संस्कृत ७-अ तिसऱ्याच तासाला खाली. आखणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं काय? संस्कृताची हजेरी भरली, इतिहासाची शून्य. आता परीक्षेला बसू देत नाहीत.

हसू नको बे. ७-ब पाचव्या तासाला होती, हे मलेही माहीत होतं. दोन्ही विषय घेणाऱ्यांनी तुकडी बदलायची एक चिठ्ठी भरली आणि सगळे ब मध्ये गेले. तूही गेलास. ऑफिसातल्या कारकुनानं कोरी चिठ्ठी माझ्या हातात आणून दिली होती. ती पेटीत आहे. अजून कोरीच.

७-अ मध्ये पुष्पा होती. पुढच्या बाकावर, खिडकीकडे.

चार महिने बसलो तिथं. तिच्याशी एक शब्द बोललो नाही. दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात तीच थांबली. मला वाटलं, आता बोलणार. बोलली. तिचा भाऊ इतिहासाच्या वर्गात माझ्या पुढच्याच नंबरावर आहे, हे मला कुठं ठाऊक?

"एकोणतीस नंबर, तुमची हजेरी वर चालते. रोज तीनदा पुकारतात. इथं काऊन बसता?"

चार महिन्यांनी तिला माझा नंबर माहीत होता, तुळशीराम. नाव नाही.

रागानं गाडीत बसलो. राग कोणावर, ते जळंब स्टेशन येईपर्यंत ठरेना. मग टाइम-टेबलावर काढला.

आता बाबांनी नवा फेटा आणला आहे. कारकून त्या चिठ्ठ्यांची वही पुढे करेल, सगळ्यांच्या सह्या दाखवेल, आणि माझ्यापायी ते साहेबासमोर खोटे पडतील. जानेफळात आजवर कोणी त्यांना खोटं म्हटलेलं नाही. तोंडानं सांगायला चारदा त्यांच्यापुढे गेलो, चारदा परत आलो. त्यांना अक्षर सहीपुरतंच येतं. म्हणून पाकीट उघडंच ठेवलं आहे.

साहेबांच्या दारात जायच्या आधी त्यांना तुझ्या खाटेवर बसव, पाणी दे, आणि हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. पुष्पाचंही वगळू नको. मग त्यांनी मला पुकारलं, तर मी येतो, शून्यापासून बसतो.

तुझा, आणि ऐकत असतील तर त्यांचाही,
नारायण