बर्फाच्या खोलीतली शेवटची वाफ

आई, मागच्या अंगणात भुशाची एक गोणी उरली आहे आणि तिच्यावरून आज सकाळी आमच्यात वाद झाला. नवरा म्हणाला, "टाकून दे. घोड्यांच्या तबेल्यातला भुसा तो, आपल्याकडे घोडा कुठाय?" मी म्हटलं, राहू दे. का राहू दे, ते मला त्याला काही धड सांगता येईना, म्हणून तुला लिहायला बसले. भुसा कशाला लागतो हे तुला सांगावं लागत नाही. बाबांच्या मागे बंदरावरचा बर्फाचा कारखाना तू एकटीने चालवलास. लाद्यांवर भुसा आणि ओलं गोणपाट पडल्याशिवाय तू कधी जेवायला घरी आली नाहीस, आणि आम्ही ताटं मांडून तुझ्या नावाने बोटं मोडत बसायचो.

डब्लिनच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर आहे. माझं चेरीवूड भागातलं ऑफिस गेलं वर्षभर बंद आहे, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काम करते. एक शेत ओलांडलं की एक म्हातारी राहते. मूळची फिनलंडची, इथल्या शेतकऱ्याशी लग्न करून आली, आता एकटी. या करोनाच्या साथीत एकट्या माणसाला एका घराशी जोडून घ्यायची मुभा होती, तिने आमचं घर निवडलं. डिसेंबर लागताच तिकडे तिची धाकटी बहीण गेली. या वयात विमानात बसू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे बहिणीला माती देताना तिने आमच्या सोफ्यावर बसून फोनवर पाहिलं. रडली नाही. चहाचा कप तसाच गार झाला. तिच्या गावात जुन्या काळी गेलेल्या माणसाला सौनातच शेवटची अंघोळ घालत आणि माती देऊन आल्यावर घरचेही तिथेच जाऊन बसत. सौना म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली. जाताना दारात थांबून ती एवढंच म्हणाली, "माझी अजून अंघोळ झालेली नाही." आई, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळलं नसतं. मला लगेच कळलं.

त्या दोघी लहान असताना त्यांचे वडील गोठलेल्या तळ्यातला बर्फ कापून त्याचीच छोटी सौना बांधत. भिंती बर्फाच्या, आत आग ओकणारे दगड. तिला तीच हवी होती, दुसरी कुठली नाही. आता या देशात हिवाळा म्हणजे सहा महिने रिपरिप, बर्फ कुठून आणायचा? पण मी तुझी मुलगी. म्हटलं, बर्फाचं मी बघते. टाळेबंदीच्या धास्तीने घेतलेला मोठा फ्रीजर गॅरेजमध्ये होता, त्यातले मटार आणि मासे मी पलीकडच्या शेजारणीकडे हलवले. प्लास्टिकचे खोके पाण्याने भरायचे, गोठले की पालथे घालायचे, आणि लाद्या तिच्या गोठ्याच्या सावलीतल्या भिंतीशी भुसा नि गोणपाटाखाली रचायच्या. नवरा पहिल्यांदा हसला. मग खोके उचलून कंबर धरली तेव्हा म्हणाला, "तुझ्या आईने तुला हुंड्यात हेच दिलं वाटतं." महिनाभर हेच चाललं. नवीन वर्ष लागलं आणि खरंच कडाका पडला. सकाळी गवत पायाखाली कुरकुरायला लागलं.

तिघांनी मिळून गोठ्याच्या मागे भिंती उभ्या केल्या. सांधे भरायला बर्फाचा चुरा आणि पाणी, असं म्हातारीने सांगितलं. इथे माझं शहाणपण आडवं आलं. मी म्हटलं, यात मीठ घालू, लवकर धरेल. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाला मीठ लावतात, तुझ्या हौदात मिठाचं पाणी, त्यातच डबे सोडून लाद्या व्हायच्या, माझ्या डोक्यात लहानपणापासून मीठ म्हणजे गारठा. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर सांधे लापशीसारखे पातळ, आणि वरच्या लाद्या घसरून गवतावर. म्हातारीने आकाशाकडे पाहिलं, कारण तीन दिवसांत ऊब येणार असं हवामानवाले सांगत होते. मी तिथे उभी आहे, आणि मला तुझा आवाज ऐकू येतो. मी सात-आठ वर्षांची, मदत करायच्या हौसेने लादीच्या डब्यात मूठभर मीठ टाकलेलं. ती लादी बाहेर काढल्याबरोबर भुगा झाली. तू माझं बखोट धरून हौदापाशी नेलंस. "मीठ बाहेर राहतं गो बाई. बाहेर राहून गारवा देतं. आत गेलं की बर्फाला बर्फ राहू देत नाही." नंतर त्याच हाताने चिक्की दिलीस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. मी म्हातारीला हे सगळं सांगितलं, तशी ती कितीतरी दिवसांनी हसली. "इट्स ग्रँड," म्हणजे काही बिघडलं नाही, असं इथल्यांच्या ढंगात म्हणाली, "तुझ्या आईचं आता ऐकू या." खारट चुरा खरवडून आम्ही दिवसभर पुन्हा बांधलं, साध्या पाण्याने, आणि रातोरात भिंत दगड झाली.

दगड तिचे स्वतःचे होते. लग्न होऊन येताना वडिलांच्या सौनातून बॅगेत घालून आणलेले, आजवर गुलाबाच्या वाफ्याभोवती पडून होते. ते बाहेर जाळात लाल केले, लोखंडी बादलीतून आत ठेवले, छताला फळ्या आणि घोंगड्या. ती पंचा गुंडाळून, मी जुन्या सुती गाऊनमध्ये, दोघी बाकावर गुडघ्याला गुडघा लावून. तिने पाणी ओतलं आणि वाफ मानेवरून पाठीत उतरली. दुपारचं ऊन भिंतींतून निळसर येत होतं. कान तापलेले, पावलं गार, भिंतींवरून हळूहळू ओघळ. ती बहिणीबद्दल बोलत राहिली, अर्धं तिच्या भाषेत, आणि रडली.

मी तुझ्या हातांचा विचार करत होते. वेणी घालताना तुझी बोटं मानेला लागली की मी अंग चोरायची. संध्याकाळी तू न्हाणीघरात बंबाला पाठ लावून बसायचीस आणि म्हणायचीस, "हाडात शिरलाय गो बर्फ, निघायचा नाही आता." शेवटच्या आजारात मी गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली असताना तू म्हणालीस, "ऊब आहे, पण बाहेरूनच." फार वाटतं गं, त्या बाकावर तुला बसवायला हवं होतं.

निघताना तिने लाकडी डाव माझ्या हातात दिला. "शेवटची वाफ आपली नसते," म्हणाली. "पाणी ओतायचं आणि बाहेर पडायचं. ती आज माझ्या बहिणीची." आपण पान वाढून ठेवतो, हे लोक वाफ ठेवतात. मी पाणी ओतलं, घोंगडीचं दार सोडलं आणि आम्ही बाहेर गवतावर उभ्या राहिलो. तिच्या खांद्यांतून वाफा निघत होत्या. "झाली अंघोळ," ती म्हणाली. दोन दिवसांनी ऊब आली आणि भिंती वाहून गेल्या.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगून टाकते. तिला हे बोललेले नाही. तिने बहिणीचं नाव मोठ्याने घेतलं खरं, पण डाव माझ्या हातात होता आणि त्याआधीच मी मनात तुला हाक मारली होती. जागा लहान होती, तू तिच्या बहिणीसाठी सरकून घेतलं असशील. भुशाची गोणी मी ठेवतेय. तेवढं सांग, निघाला का गो हाडातला बर्फ?