आबांच्या घड्याळाची वाटणी

मी, नवल पुना महाजन, वय ७३, धंदा घड्याळ दुरुस्तीचा, राहणार जळगाव, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवतो. यापूर्वी एकदा रागाच्या भरात पाठकोऱ्या कागदावर असंच काही खरडलं होतं. ते आमच्या सौ. सुमनबाईंनी चुलीत घातलं. बरं केलं.

१. राहतं घर व बँकेतली सर्व ठेव पत्नी सौ. सुमनबाई हिला. माझ्यामागे घर विकून मुलीकडे राहायला जा, असा सल्ला तिला देणारे पुष्कळ निघतील. तिने कुणाचं ऐकू नये.

२. दुकानाचा गाळा, लेथ, चिमटे, भिंगं व सर्व सुटे भाग मुलगी मयुरी हिला. "बाईमाणूस घड्याळ काय उघडणार?" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने खुशाल दुसरं दुकान दाखवावं. खिशातलं जुनं घड्याळ मनगटावर बांधता यावं म्हणून त्याला पट्ट्याचे कान डाग देऊन जोडण्यात तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो.

३. लेथ कोणत्याही परिस्थितीत कुंदन यास विकू नये. हा गृहस्थ लोकांच्या आजोबांची घड्याळं घेतो, चांदी वितळवतो आणि आतलं मशीन भंगारात टाकतो. माझ्या तेराव्याला आला तर जेवू घालावं, पण दुकानात पाऊल ठेवू देऊ नये.

४. धंद्याचा एक नियम मयुरीने मोडू नये. खिशातल्या घड्याळाची किल्ली बाराच्या डोक्यावर असते. मनगटावर ती उजवीकडे लागते, म्हणून मशीन पाव फेरी फिरवावं लागतं आणि तबकडी नवी करावी लागते. हे करताना जुनी तबकडी, कडी, जे जे निघेल ते डबीत घालून, नाव लिहून, गिऱ्हाइकाला परत द्यायचं. जुनं काही कापायचं नाही. उद्या त्याला घड्याळ पुन्हा खिशात ठेवावंसं वाटलं तर? हा नियम मी का केला, ते पुढच्या कलमात आहे.

५. माझ्या मनगटावरचं घड्याळ. याची हकीकत सांगणं भाग आहे. आमचे वडील, आबा, धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये टाइमकीपर होते. निवृत्त झाले तेव्हा मालकाने त्यांना साखळीचं चांदीचं घड्याळ दिलं. आबा गेल्यावर १९८६ च्या दिवाळीत पंच बसले आणि वाटणी झाली. हंडे वाटले, खाटा वाटल्या, घड्याळावर गाडं अडलं. थोरले बंधू भटूभाऊ म्हणाले, मी मोठा, माझं. मी म्हणालो, घड्याळातलं कळतं मला, माझं. शेवटी मीच ओरडलो, "कातडं तुला, आतडं मला!" पंचांत एक सोनार होता. त्याने तिथल्या तिथे घड्याळ उघडलं. वरची चांदीची डबी आणि साखळी भाऊंना, मशीन आणि तबकडी मला. असली वाटणी आमच्या भाऊबंदकीत आधी कुणी केली नव्हती, पुढे कुणी करू नये.

मी पोलादी डबी केली, कान जोडले, पट्टा लावला आणि आबांचं मशीन मनगटावर बांधलं. ते बघून लोक आपल्या आजोबांची घड्याळं आणू लागले आणि माझं दुकान उभं राहिलं. पण पोलादी डबीत बसत नाही, हे निमित्त करून मी किल्लीचा मूळ दांडा कापला. मुद्दाम कापला. पुन्हा भाऊंच्या डबीत जायला नको, म्हणून.

भाऊ लग्नकार्यात साखळी लावून रिकामी डबी खिशात घालतात, कुणी वेळ विचारली की उघडून बघतात आणि अंदाजाने सांगतात. हे ऐकून मी कितीतरी वर्षं हसलो. आता हसू येत नाही, लाज वाटते. अडतीस वर्षं आम्ही बोललो नाही. सबब, माझ्या मृत्यूनंतर हे मशीन मूळ तबकडीसह भटूभाऊंना द्यावं.

(इथवर टाईप केलेलं आहे. यापुढचं माझ्या हाताने.)

आज सह्यांचा दिवस. सगळे दुकानातच जमलो. मयुरीने मला न विचारता धुळ्याला फोन केला होता. भाऊ एसटीने आले, गुडघे धरत पायरी चढले आणि माझ्याकडे न बघता सुमनबाईंकडे पाणी मागितलं. वकीलसाहेबांनी कलम पाच वाचून दाखवलं. एक साक्षीदार कमी होता. मी भाऊंकडे बघितलं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला न राहिलेलं बरं. घड्याळ घ्या, नाहीतर सही करा.

भाऊ म्हणाले, "माले काही नको. सही करस मी." मग माझ्यावर डाफरले, "तू मरानी वाट देखू का मी? तुन्हापेक्षा सहा वरीस मोठा शे! मशीन आजच बसाडी दे." आणि रुमालात बांधलेली डबी टेबलावर ठेवली.

मयुरीने लेथवर नवा दांडा केला, मी नुसतं भिंग धरलं. दोन तास लागले. भाऊ खुर्चीवरून हलले नाहीत. मूळ तबकडीसह मशीन चांदीच्या डबीत बसलं, चालू झालं, भाऊंनी कानाला लावलं. आम्ही दोघंही रडलो. शुद्धीवर असल्याचा हाही पुरावा धरावा.

कलम पाच रद्द. त्यावर काट मारून सही केली आहे. जे मेल्यावर द्यायचं होतं ते हाती दिलं. मनगट मोकळं आहे, त्याची मला सवय होईल.

ठिकाण: जळगाव
दिनांक: ९ जानेवारी २०२५

लिहून देणार: नवल पुना महाजन (सही)

साक्षीदार:
१. जवरीलाल कांकरिया, शेजारचे दुकानदार (सही)
२. भटू पुना महाजन, धुळे (सही)
नातं: हा रकाना वकिलांनी कोरा सोडला होता. भाऊंनी पेन मागून घेतलं आणि स्वतः भरला: सख्खा.