माझ्या घोरण्यावरची पाळत

जामसर, एप्रिल २००७

तीर्थस्वरूप देवजीदादा यांस, धाकट्या रोहिदासाचा नमस्कार. मोखाड्यात तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावे. आम्ही खुशाल आहोत, असे डॉक्टर सोडून सगळे म्हणतात.

गेल्या पावसाळ्यापासून पुष्पलता माझ्यावर पाळत ठेवून आहे. शाळेतून येऊन मी जरा पाठ टेकली की ही तांदूळ निवडायचे सोडून माझ्या छातीकडे बघत बसते. (आधी मला ते प्रेम वाटले. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर असे वाटायला नको होते.) मग एकदम बरगडीत कोपर. “अहो, श्वास थांबला होता तुमचा!” थांबला तर मी मेलो कसा नाही, असे विचारले की पुन्हा कोपर. बायकोला माझी खाट पडवीत काढायची आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

त्यात भाद्रपदात, भर दुपारी जव्हारहून येताना मोटारसायकलवरच डोळा लागला आणि मी थेट ढवळूच्या नागलीच्या शेतात. ढवळूने मला उठवायच्या आधी माझे तोंड हुंगले. “गुरुजी, वास तं येत नाय. कुठली घेता?” झाले! गावाला दारूचा संशय, मला गावाचा. जव्हारच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा रक्तदाब पाहिला आणि नाशिकला धाडले.

तिथल्या डॉक्टरांनी विचारले, घोरता का? मी म्हटले, झोपलेला माणूस साक्ष कशी देणार? मग पुष्पलताने दिली, आवाजासकट. मला अंगभर वायरी लावून झोपवले आणि सकाळी निकाल सांगितला: झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, हृदयाला विश्रांतीच मिळत नाही. रक्तदाब त्यानेच वाढलेला, हृदयावर ताण आलेला. असेच चालले तर झटक्याची भीती. मशीन लावा. (मशीनवाला बाहेरच्याच बाकावर बसलेला. आता बोला!) तेव्हापासून झोपताना नाकावर मुखवटा, त्याला हवा ढकलणाऱ्या मशीनची नळी. घोरणे बंद. तर आता ही मला हलवून विचारते, “आहात ना?”

तुमचा,
रोहिदास

ता. क. सकाळचे डोके दुखणे थांबले आहे. वर्गात पेंगही येत नाही. हे पुष्पलताच्या कानावर जाऊ नये.

आणखी एक ता. क. शिमग्याला तुम्ही जेवून आमच्या ओसरीवर आडवे झालात, तेव्हा पुष्पलताने मला हाताला धरून बाहेर आणले. तुमचे घोरणे एकाएकी थांबले. छाती धडपडत होती, पण श्वास आत जात नव्हता. आम्ही दोघे नुसते बघत उभे राहिलो, दादा. मला तिचा हात सोडवेना. मग तुम्ही मोठ्याने आचका देऊन श्वास घेतलात आणि कूस बदललीत. रविवारी जीप घेऊन येतो, नाशिकला जायचे आहे. वहिनींना निरोप गेला आहे. तुमच्या चपला शनिवारपासूनच त्यांच्या ताब्यात राहतील.