न्सोनाच्या दिवशीची ताडी

किबुंदा, ६ जुलै

लाडक्या लुकाऊस,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे उठतो, बसतो, जेवतो, तेव्हा ठीकच आहोत म्हणायचं. आईचा गुडघा दुखतो आणि तो ती सगळ्या गावाला दाखवत फिरते, म्हणजे तीही ठीक आहे. तू पाठवलेलं कापड ट्रकवाल्याने नीट पोचवलं. रंग जरा भडक आहे, पण आईला आवडला. 

तुझ्या ऑनोरेच्या घरच्यांचा निरोप मामांना मिळाला. ऑगस्टच्या शेवटी तुझ्या मागणीची पहिली ताडी घेऊन येतो म्हणतात. मामा वरून मोठे गंभीर झाले. म्हणाले, "किन्शासाची माणसं, ताडी कुठली आणणार? बिअरच्या बाटल्या आणल्या तर दारातून परत पाठवीन." मी म्हटलं, "बिअर परत पाठवताना तुम्हाला अजून कुणी पाहिलेलं नाही, मामा." हसले. मनातून खूश आहेत. पहिल्या ताडीला तू इथे लागत नाहीस, ती नुसती दार उघडायची. दुसऱ्या ताडीला मात्र यावं लागेल. मामा चारचौघांत तुला विचारतील, "ही ताडी आम्ही प्यावी का?" तेव्हा शहरातल्यासारखं पुटपुटू नकोस. घशातून आवाज काढ.

इकडे कोरडे दिवस चालू आहेत. सकाळी धुकं इतकं की अंगणातली कोंबडी दिसत नाही. ताडांना रस नाही, ताडी काढणारे कपाळाला हात लावून बसलेत, बाजारात अर्धा तुंबासुद्धा भांडून घ्यावा लागतो. आपल्या घरी मात्र चंगळ आहे. दर न्सोनाला पहाटे कुणीतरी दारात भरलेला तुंबा ठेवून जातं. ताजी, गोड, वर फेस. तोंडाला नेच्याच्या पानांचा बोळा, त्यावर धागा नीट गुंडाळलेला.

तू म्हणशील, न्सोना तर पूर्वजांचा वार, त्या दिवशी कुणी शेतात जात नाही की ताडावर चढत नाही. मीही तेच म्हटलं. मामा म्हणाले, "आपल्या कुळाच्या ताडांवर चढणारे पुष्कळ आहेत. जमिनीच्या मालकाला पहिला तुंबा द्यायचा असतो, तो कुणीतरी लाजत लाजत देतोय. देणाऱ्याचं नाव विचारत बसलं की ताडी आंबते." मग रीतीप्रमाणे थोडी जमिनीवर ओतली आणि बाकीची प्यायले. आईही प्यायली. शेजारचे दोन म्हातारे तर आता न्सोनाचीच वाट बघत असतात. मी घेतली नाही. मला हल्ली ताडी सोसत नाही.

तू विचारलं आहेस की मी ओढ्यापलीकडच्या त्या ताडाजवळून जाते का. नाही जात. पाण्यासाठी वरचा रस्ता धरते, थोडा लांब पडतो एवढंच. ताडी काढणारा मालांदा त्यावरून पडून गेला, त्याला आता महिने झाले. त्याची आई एकटीच असते, तिला अधूनमधून कसावाची पानं नेऊन देते. बाकी काही विशेष नाही.

अभ्यास कर. रात्रीची पाळी असेल तेव्हा पोटभर जेवून जा. नर्स स्वतःच चक्कर येऊन पडली तर पेशंट हसतील.

तुझी,
मायामोनाताई

---

किबुंदा, ३१ ऑगस्ट

लुकाऊ,

आईचा गुडघा बरा आहे. बाकी काही बरं नाही, आणि हे दुसऱ्या कुणाकडून कानावर पडण्याआधी मी सांगितलेलं बरं.

ऑनोरेचे काका गेल्या आठवड्यात आले होते. माणूस सभ्य आहे, बुटांवरची धूळ पुसून अंगणात आला. बिअर नाही, चांगले वेताने विणलेले दोन काचेचे बुधले आणले होते, वाटेतल्या गावातून भल्या सकाळी भरून घेतलेले. वास साऱ्या अंगणात दरवळला. मामांनी थोडी जमिनीवर ओतली, प्याला भरला, तोंडाला लावला.

आणि थुंकले.

लुकाऊ, सगळ्यांचे चेहरे उतरले. ऑनोरेचे काका म्हणाले, "काय झालं, दादा? आमची ताडी थुंकण्यासारखी आहे का?" मामांनी माफी मागितली, पुन्हा घोट घेतला, तो त्यांना गिळताच येईना. म्हणाले, "माती आहे ही. ओली माती." काकांनी तोच प्याला त्यांच्या हातून घेतला आणि घटाघटा प्यायले. म्हणाले, "मधासारखी आहे हो." मग आईने घेऊन बघितली. तिच्याही तोंडात माती. दुसरा बुधला उघडला. पाहुण्यांना गोड, आणि आपल्या घरातल्या प्रत्येकाला थडग्यावरची माती. मी घोट घेतला नाही. चुलीशी बसून होते.

तेवढ्यात मालांदाची आई आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. अंगणाच्या कडेला बसली आणि अगदी सावकाश म्हणाली, "या घराने आमची ताडी प्यायली आहे. आता दुसऱ्याची घशाखाली कशी उतरेल?"

मामा म्हणाले, "म्हातारे, तुझा मुलगा गेला. दुःखाने तुझं डोकं फिरलंय."

ती म्हणाली, "त्याचे तुंबे मी आढ्याला उलटे टांगून ठेवलेत. कोरडे खडखडीत. दर न्सोनाला सकाळी बघते, तर एक ओला असतो. आतून धुतलेला. मुलगी तुमची, तुंबा आमचा. प्यायलात तर प्यायलात, पण कुणाची पितोय हे तरी विचारायचं होतंत."

 ऑनोरेच्या काकांनी टोपी उचलली. जाताना मात्र मला हळूच म्हणाले, "हे मिटलं की निरोप द्या. आमचा मुलगा तुमच्या बहिणीसाठी जेवत नाहीये." म्हणून सांगते, तुझा ऑनोरे चांगल्या घरातला आहे. त्याला धरून राहा.

त्या दिवसापासून या घराच्या तोंडाला कुठलीच ताडी लागत नाही. मामा गावात कुणाच्याही घरी बसले तरी माती थुंकत परततात. आधी म्हातारे हसले. मग गावात एक मयत झाली, तिथे कुळातला थोरला म्हणून मामांनी पहिला घोट घ्यायचा होता, आणि त्यांना तो घेता आला नाही. मृताच्या माणसांनी प्याला दुसऱ्याच्या हातात दिला. मामा घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. ज्याला पिता येत नाही तो पूर्वजांना काय पाजणार, आणि त्याचा निवाडा कोण ऐकणार?

म्हणून ते आता तुला पत्र लिहवून घेत आहेत. ते म्हणतात, घरात लग्नाची मुलगी एकच, तेव्हा ताडी तुझ्यासाठीच आली. तू येऊन त्याच्या थडग्यापाशी उभं राहायचं आणि "पिऊ नका" म्हणायचं. पण तसं म्हटलं की प्यायलेली सगळी ताडी परत द्यावी लागते. पोटात गेलेली परत कशी द्यायची हे मामांनाही ठाऊक नाही. मग दुसरी वाट उरते, तू "प्या" म्हणायचं. आणि पलीकडच्याच्या, मेलेल्याच्या हातचा प्याला घेतलेली बाई अलीकडच्यांत कुणाचीच होत नाही. तिचं सरपणसुद्धा कुणी तोडून देत नाही.

तू म्हणशील की तू त्या माणसाकडे कधी धड पाहिलंही नाहीस. मला माहीत आहे. तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

येऊ नकोस. मामांचं पत्र आलं तर ते उशीखाली ठेव आणि कामावर जा. आई आजारी आहे असा निरोप आला तरी येऊ नकोस, ती आजारी नाही. मी काहीतरी बघते.

ताई

---

किबुंदा, १९ सप्टेंबर

माझ्या लुकाऊस,

आता ये. तुझी दुसरी ताडी नोव्हेंबरमध्ये ठरली आहे. काळजी करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणजे तुझ्यासाठी तरी नाही.

परवा ऑनोरेचे काका पुन्हा ताडी घेऊन आले. मामांनी पहिला घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. मग गिळला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "थोडं पाणी घातलंय, पण चालेल." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मामांनी तो बुधला मग संध्याकाळपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

ते कसं झालं हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

ताडी तुझ्यासाठी नव्हती, लुकाऊ. ती माझ्यासाठी होती. हे घरात एकालाही सुचलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मी परत पाठवलेली बाई. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने माघारी आणून सोडलेली, चुलीशी बसणारी. माझ्यासाठी कोण ताडी आणणार? तुंब्याच्या तोंडावरचा धागा मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. तशी गाठ तो एकटाच मारायचा. मागच्या वर्षभर माझ्या शेताच्या बांधावर तो रोज एक छोटा तुंबा ठेवून जायचा आणि मी काम संपवून तो प्यायची. बोलणं फार नसायचं. एकदा म्हणाला, "कोरडे दिवस आले की मामांकडे मोठा तुंबा आणतो." मी म्हटलं, "आण. ते हसतील आणि विचारतील, हा कुणाच्या बारशाचा?" तो म्हणाला, "हसू देत. हसल्यावर तहान लागते." लोक काय म्हणतील म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मग तो पडला, आणि सांगायला काही उरलंच नाही. त्याच्यासाठी मोठ्याने रडायचाही मला हक्क नव्हता.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते आधी चिडले.  मग म्हणाले, "बाई गं, तू अजून तरुण आहेस. विचार कर. लुकाऊला एकदा विचारून बघू." मी म्हटलं, "तिला नका विचारू. जिच्यासाठी ताडी, तिलाच विचारा."

न्सोनाच्या दिवशी दुपारी गेलो. मामा, मी आणि त्याची आई. त्याला त्या ताडाजवळच पुरलंय हे तुला माहीत आहे. ऊन लख्ख होतं, वारा नव्हता. पहाटे दारात आलेला तुंबा मामांनी खांद्यावर आणला होता. थडग्यासमोर चटई घातली. मामांनी टोपी घातली, घसा खाकरला आणि भर सभेत विचारावं तसं विचारलं, "मायामोना, ही ताडी आम्ही प्यावी का?"

मी म्हटलं, "प्या."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "प्या." मग तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "प्या, मामा. माझी इच्छा आहे."

तुला सांगू? माझ्या पहिल्या लग्नात त्यांनी असंच विचारलं होतं, आणि मी तोंड उघडायच्या आत प्याला रिकामा केला होता. त्या वेळी सगळे हसले होते, मीही हसले होते. या वेळी ते माझ्या उत्तरासाठी थांबले.

मामा प्यायले. त्याची आई प्यायली. मग प्याला माझ्या हातात आला. अर्धा मी प्यायले. बांधावरच्या तुंब्याची तीच चव होती. आणि उरलेला अर्धा, जसा नवऱ्याच्या हातात द्यायचा असतो तसा, दोन्ही हातांनी पुढे धरला. मला वाटलं होतं ओतावा लागेल. ओतला नाही मी. हात स्थिर होते. प्याला हलका होत गेला. मी आत पाहिलं, तर तळ दिसत होता. खाली माती कोरडीच होती, मामांनी वाकून हात लावून बघितलं. मग त्यांनी टोपी काढली आणि ती छातीशी धरून उभे राहिले. "जावईबापू," एवढंच म्हणाले.

घाबरले का? घाबरले. अजूनही हा हात गार लागतो, चुलीजवळ धरला तरी. पण रडू आलं ते भीतीने नव्हतं. त्याच्यासाठी मला आता मोठ्याने रडता येतं, आणि सासू म्हणते, रडायचं कशाला.

हो, मी सासूकडे राहायला आले आहे. आईला राग आहे, तो जाईल. गावातल्या बायका पाण्याच्या वाटेवर मला बघून बाजूला होतात. माझ्याशी बोलतात, पण डोळे माझ्या मागच्या बाजूला असतात. नोव्हेंबरमध्ये येशील तेव्हा ऑनोरेला घेऊन इथेही ये. दोन चटया घातलेल्या दिसतील, त्यातल्या रिकाम्या चटईवर बसू नका. ताडी मी देईन. न घाबरता प्या. ती आता पाहुणचाराची आहे, तिने कुणी बांधलं जात नाही.

तुझं भलं होवो. तुला भरपूर मुलं होवोत, आणि मामा तुला विचारतील तेव्हा, लुकाऊ, वेळ घे. त्यांना थांबू दे.

आता पत्र पुरं करते. मगापासून ओढ्यापलीकडच्या ताडावरून सुरीची टकटक येत होती, ती आत्ता थांबली. म्हणजे तो उतरायला लागला. खाली तुंबा धरायला कुणीतरी असावं लागतं.

तुझी ताई,
मालांदाची बायको
मायामोना