मांजराच्या पंजाचा फोटो

प्रिय गेसिना,

तुझं ख्रिसमसचं कार्ड वेळेवर मिळालं, उत्तराला मात्र जून उजाडला. तू लिहिलंस की तिकडे समुद्रावरून धुकं येतं, वर शहराचे दिवे, म्हणून कॅमेरा कपाटात पडून आहे. ते वाक्य वाचून मी कार्ड पालथं घातलं. पुन्हा उलटायचं धाडस व्हायला इतके महिने लागले.

इकडे कारूच्या माळरानात आमचा जूनचा हिवाळा यंदा लवकर आला. वसतिगृहाच्या टाकीवर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो आणि मुलांची लापशी शिजेपर्यंत माझी बोटं वळत नाहीत. मुख्याध्यापक नवे आहेत, चुली जुन्याच.

तू गणित शिकवायला आलीस त्या वर्षीची एक रात्र आठवते? मला ओढत मागच्या माळावर नेलंस आणि तुझ्या लहानशा दुर्बिणीतून रत्नपेटी नावाचा तारकागुच्छ दाखवलास. मी म्हटलं, "एवढीशी साखर सांडलेली बघायला माझी झोप मोडलीस?" तू म्हणालीस, "ड्रीका, तोंड मीट आणि डोळा उघड." मग त्या सांडलेल्या साखरेत एक दाणा लाल दिसला आणि मी खरंच गप्प झाले. त्यानंतर सहा वर्षं तुझ्या प्रत्येक फोटोच्या वेळी रॉयबॉसच्या लाल चहाचा थर्मास माझा, शिव्या तुझ्या. गावात लोक म्हणायचे, बाई आकाशाचे फोटो काढतात आणि स्वयंपाकीण आकाशाला चहा पाजते. मला ते आवडायचं. शाळेतली कुठली बाई माझ्याशी कधी इतकं बोलली होती?

मग ती मोठ्या शहरातल्या तारांगणाची जागा निघाली. तेजोमेघाचा एक उत्तम फोटो पाठवायचा होता. तू पंधरा दिवसांसाठी कुणाची तरी भारी दुर्बीण मागून आणलीस आणि वृश्चिकाच्या शेपटीतला तो मांजराच्या पंजासारखा तेजोमेघ निवडलास. पाच-पाच मिनिटांचे कितीतरी फोटो एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे तो लाल पंजा उमटणार. तेरा रात्री ढग. चौदाव्या रात्री आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, अमावास्या, आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण परत जायची होती. त्यात तुला ताप. मीच म्हटलं, "जा, माझ्या खोलीत पड. यंत्र आपलं आपण चालतंय ना? मी बसते राखण करत." तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, "तू आहेस म्हणून झोप लागेल."

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे, पण खोटं ठाऊक आहे. तीन वाजता तू आलीस तेव्हा अंगणातला, माळापर्यंत उजेड टाकणारा मोठा दिवा भगभगत होता आणि एक वाजल्यानंतरचे सगळे फोटो पांढरेफटक पडले होते. मी डोळे चोळत सांगितलं की मला डुलकी लागली, दिवा कधी लागला कळलंच नाही. दिव्याच्या बटणपेटीची किल्ली पहारेकरी केर्नीलकाकांकडे असायची. तू त्यांना फाटकावरून ओढत आणलंस. ते म्हणाले, "बाई, देवाशपथ, मी हात लावला नाही." तू म्हणालीस, "तोंडाचा वास आधी लपवा, मग देवाचं नाव घ्या." त्यांनी घोट घेतला होता, हे खरं. आठवड्याभरात त्यांना काढून टाकलं. मी तेव्हा कांदे चिरत होते आणि चिरतच राहिले.

दुसरी किल्ली माझ्याकडे, कोठाराच्या जुडग्यात होती. दिवा मी लावला, गेसी. बसल्या बसल्या एकच विचार डोक्यात फिरत होता: हा फोटो झाला की तू जाणार, आणि मागे दोनशे पोरांची लापशी ढवळणारी ड्रीका उरणार. पाच मिनिटंच लावू, एखादा फोटो बिघडेल, असं मनाशी म्हटलं. मग बंद करायला हात उठेना. दोन तास मी त्या उजेडात बसून होते. तुला ती जागा मिळाली नाही, आणि वर्षाच्या आत तू गाव सोडलंसच.

अकरा वर्षं हे गिळून बसले होते. मागच्या रविवारी प्रार्थनेनंतर केर्नीलकाका काठी टेकत स्वयंपाकघराच्या पायरीशी आले. त्यांची नजर गेलीय. म्हणाले, "पोरी, तुला लिहिता येतं. बाईंना माझ्याकडून चार ओळी लिही. म्हणावं, केर्नील माफी मागतो. इतकी वर्षं नाही-नाही म्हणत आलो, पण मीच लावला असणार तो दिवा. प्यायलेल्या माणसाला काय आठवतंय? मरायच्या आधी कबूल केलेलं बरं." मी कागद घेतला, "प्रिय गेसिना" लिहिलं आणि पुढे हात चालेना. तिथेच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काठी चाचपून जवळ घेतली. मग म्हणाले, "म्हणजे मी खरं बोलत होतो," आणि थोड्या वेळाने, "हे आमच्या हीला कळायला हवं होतं गं. ती मला खोटारडा समजूनच गेली." मला एकही शिवी न देता उठून गेले. सोमवारी मुख्याध्यापकांना सगळं सांगून शाळेच्या नोंदवहीतला काकांच्या नावापुढचा शेरा खोडायला लावला, पण त्याने काकांचं काय परत येणार? म्हणून माफीचं पत्र आज जातंय, पण ते त्यांचं नाही, माझं. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. त्यांना मात्र दोन ओळी लिही. त्यांची नात वाचून दाखवेल.

तुझीच म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
ड्रीका