‘आपण’ची गड्डी

१६ जाने. ७३, नगर
जामखेडची आमदारसाहेबांची सभा कॉलेजच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून आणली होती. आज कार्डं पूर्ण. एका वाक्याला एक कार्ड. साहेब स्वतःला काय म्हणतात त्यावरून गड्ड्या. झालेल्या कामांपुढे ‘आम्ही’. दुष्काळ सोसायचा तिथे ‘आपण’. आणि टँकर? ‘पाठवला जाईल.’ कोण पाठवणार, पत्ता नाही! टाळ्या मात्र दर ‘आपण’ला. ऐकून अंगाची लाही झाली. खर्ड्याजवळ माझी अक्का दोन कोसांवरून हंडा वाहते.

२० जाने.
कार्डांवरून लिहिलेला निबंध प्राचार्यांना दाखवला. ‘छान, छान. ठेवून जा.’ कॉलेजच्या वार्षिकात छापतील बहुधा.

२ फेब्रु.
साहेबांचे पी.ए. घरी. पेढे घेऊन! ‘सर, प्राचार्यांनी तुमचा निबंध दिला. साहेब लई खूश हायेत. आता लोकांना रडू कुठं येतं, तेवढं बी काढून द्या.’ चोरी उघड केली तर चोरच दारात शाबासकी द्यायला. पेढे परत. प्राचार्यांशी कडाडून भांडलो. म्हणाले, ‘अहो, विद्येचा उपयोग झाला.’ उपयोग!

११ फेब्रु., अक्काकडे
काल खर्ड्याला साहेबांची सभा. टेप नेला नाही, गरजच नव्हती. ‘आम्ही’ एकदाही नाही. ‘आपला हंडा’, ‘आपल्या आयाबहिणी’. माझा निबंधच बोलत होता. बायका पदराने डोळे पुसत होत्या, त्यांत अक्का. टँकर ‘पाठवला जाईल’, हे तेवढं जसंच्या तसं.
घरी येताना अक्काला सगळं फोडून सांगितलं. वाटेतच थांबली ती. मग, ‘म्हंजी मला रडवलं ते तूच व्हय?’
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ फेब्रु., नगर
टँकर नाहीच. अक्का एस.टी.ने आली, पाणीही न पिता बोलायला लागली. ‘बापू, तुला मानसं रडवता येत्यात न्हवं? मंग आता साहेबाला रडव. टँकरचा अर्ज लिही.’
‘त्या माणसापुढे हात जोडू?’ ओरडलोच.
‘तू नगं जोडू. अंगठा माझा हाय.’
बसलो लिहायला. ‘मा. आमदारसाहेब, आपण...’ आणि पेन अडलं. अर्जातलं हे ‘आपण’ म्हणजे एकटे ते. त्यात अक्का नाही, मी नाही. याला माझ्याकडे गड्डीच नाही.
अक्का अंगठ्याला शाई लावून समोर बसलीय. ‘लिही की रं. वाळाय लागली.’